गाडी गंजवायला गेलो आणि चॉकलेटची झाली: एका भंगार बेल एअरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका मित्राच्या मॉडेलचं आहे. लिही म्हणाला पण नाव टाकू नको म्हणाला, म्हणून नुसतं मित्र म्हणतो. गडी बरीच वर्षं स्केल मॉडेलं करतोय पण सगळी शोरूममधली, पॉलिश करून करून आरसा केलेली, वर धुळीचा कण दिसला तरी ह्याचा जीव खालीवर. तर ह्यावेळी त्याने ठरवलं की उलटं करायचं, १/२५ ची (खऱ्या गाडीच्या पंचवीसाव्या हिश्श्याएवढी) १९५७ ची शेवरले बेल एअर घ्यायची आणि ती भंगारच्या आवारात तीसेक वर्षं सडत पडलीये अशी करायची.

गाडी निवडली मात्र एकदम योग्य. मागे ते टोकदार पंख, त्या पंखांवर रेघारेघांचा ॲल्युमिनियमचा पत्रा, अंगावरून स्टेनलेसची पट्टी, पुढेमागे क्रोमचे भलेमोठे बंपर, दाराच्या मुठी जस्ताच्या ओतीव, आणि बाकी अंग साध्या लोखंडी पत्र्याचं. म्हणजे एकाच गाडीवर चार-पाच जातीचे धातू आणि प्रत्येकाचं म्हातारपण वेगळं. हे त्याच्या तेव्हा डोक्यातच नव्हतं.

अजून एक, इंजिन. २८३ घन इंचाचं व्ही८ (आठ सिलिंडरचं), शेवरलेने ते १९५७ लाच आणलं, आणि ह्याने ते इतकं मन लावून केलेलं की आठही प्लगच्या वायरी स्वतः भोकं पाडून ओवलेल्या. हे इंजिन लक्षात ठेवा, पुढे त्यावरून आमचं वाजलं.

अडचण

एका संध्याकाळी त्याने सगळं उरकलं. बॉडीवर तपकिरी लॅकर प्रायमर (थिनरमधला अस्तराचा रंग) मारला, तो ओला असतानाच वरून खाण्याचा सोडा भुरभुरला, त्यावर परत तपकिरी, मग नारिंगी पिग्मेंट, म्हणजे कोरडी रंगपूड, चोळलं, आणि हाताला लागू नये म्हणून सगळ्यावर मॅट व्हार्निशचा स्प्रे. बंपर, मुठी, पंखावरचा पत्रा, ग्रिल, कशालाच सोडलं नाही. सकाळी मला फोटो आला, खाली लिहिलेलं "बघ रे, जमलंय ना?"

मी दोन मिनिटं काय लिहावं ह्याच विचारात बसलो कारण समोर होती ती चॉकलेटची गाडी. साच्यातून काढून कोको भुरभुरल्यासारखी.

संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन हातात घेऊन बघितली तेव्हा नेमकं काय बिघडलंय ते कळलं. एक तर रंगच शिल्लक नव्हता, आणि गंज दिसतो तो शेजारी थोडा तरी रंग उरलेला असतो म्हणून, नाहीतर ती फक्त तपकिरी गाडी. दुसरं म्हणजे सोडा. त्याचा कण धरा ०.१ मिमी, पंचवीसने गुणा, म्हणजे खऱ्या गाडीवर अडीच मिमीचे खडे झाले, दारावर, टपावर, सगळीकडे सारखेच, जणू सिमेंटचा गिलावा मारलाय. तिसरं, पिग्मेंटवर व्हार्निश मारलं की ते भिजल्यासारखं गडद होतं आणि अर्धं गायबच होतं, त्यामुळे जो काय नारिंगीपणा होता तोही गेला. आणि चौथं, जे मला सगळ्यात जास्त खटकलं, ॲल्युमिनियमला लाल गंज. ॲल्युमिनियम असा गंजतच नाही, त्याच्यावर पांढरट राखाडी पावडर धरते. जस्ताच्या मुठींना बारीक फोड येतात, खड्डे पडतात, पण त्या तांबड्या होत नाहीत. स्टेनलेसची पट्टी तर तीस वर्षांनी फडकं मारलं तरी चमकते.

मी त्याला एवढंच विचारलं, "अरे, ह्या दाराच्या मधोमध गंज कुठून आला? तिथे पाणी थांबतं का?" तो गप्प. उभ्या पत्र्यावरून पाणी वाहून जातं. ते साचतं दाराच्या तळाला, दाराखालच्या पट्टीत, पुढच्या मडगार्डमागे जिथे चाकाचा चिखल अडकून बसतो तिथे, मागच्या काचेच्या रबराखाली, डिकीच्या तळात. गंज सुरू होतो तो तिथून.

पर्याय

चार पर्याय होते आणि आम्ही दोन तास त्यावरच घालवले.

पहिला, सगळं धुऊन काढायचं. पण खालचा प्रायमर लॅकरचा, तो स्पिरिटमधे बुडवून सहज निघत नाही, आणि लॅकर थिनरमधे बुडवला तर प्लास्टिकच विरघळतं. सँडपेपरने उतरवायचं म्हटलं तर पट्ट्या, अक्षरं, दाराच्या रेषा सगळं झिजणार.

दुसरा, नवीन किट. मित्र लगेच तयार झाला होता. मला पटत नव्हतं, कारण परत तसंच करणार नाही कशावरून.

तिसरा पर्याय माझ्या डोक्यात आला आणि अजूनही मला तो वाईट वाटत नाही: ही जळालेली गाडी आहे असं म्हणायचं! आगीत सापडलेली गाडी खरंच अशी सगळीकडून एकसारखी तांबडी होते कारण रंग, प्रायमर सगळं जळून जातं आणि उघडा पत्रा पावसात सापडतो. म्हणजे झालेली चूकच बरोबर ठरली असती. पण मग काचा फुटून गळायला हव्यात, सीटचे फक्त स्प्रिंग राहायला हवेत, टायरच्या जागी नुसत्या कडेच्या तारा हव्यात, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं त्यामुळे पंखावरचा पत्राही ओघळायला हवा. मित्राने आतलं काम, डॅशबोर्ड वगैरे आधीच छान केलेलं होतं, ते जाळायची त्याची तयारी नव्हती. "मला उन्हापावसात मेलेली गाडी पाहिजे, आगीत मेलेली नको," म्हणाला. बरोबर आहे, गोष्ट त्याची.

चौथा, जो शेवटी घेतला: आत्ता जे झालंय त्याला खालचा गंजाचा थर समजायचं, जिथे खडबडीतपणा शोभतो तिथे ठेवायचा, बाकी घासून सपाट करायचं, त्यावर गाडीचा मूळ रंग मारायचा आणि तो हेअरस्प्रेने सोलून काढायचा. म्हणजे उलटा क्रम, आधी गंज मग रंग.

काय केलं

सगळ्यात आधी रंग नाही, पेन्सिल. बॉडीच्या चार बाजूंची चित्रं कागदावर काढली आणि पाणी कुठे पडेल, कुठून वाहील, कुठे थांबेल ते बाणांनी दाखवलं. मित्राला हे शाळेसारखं वाटत होतं पण मधेच तोच म्हणाला की थांब, गाडी सरळ उभी आहे का? आणि इथून खरी मजा सुरू झाली.

भंगारमधे गेलेल्या गाडीचं पहिलं काय जातं? चालू व्ही८ असेल तर तेच. ते अडीचशे किलोच्या आसपासचं वजन निघालं की पुढच्या स्प्रिंगा मोकळ्या होतात आणि गाडीचं नाक वर उठतं. भंगारातल्या गाड्या अशा आकाशाकडे बघत उभ्या असतात त्याचं कारण बऱ्याचदा हेच. मी म्हटलं इंजिन काढू. तो म्हणाला वेडा आहेस का, आठ वायरी ओवल्यात मी. मी म्हटलं मग बॉनेट बंद ठेव आणि नाक खाली ठेव, पण मग ती भंगारातली गाडी नाही, शेडमधे विसरलेली गाडी होते. दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "काढलं."

मग नाक ४ मिमी वर घेतलं, मागचं डावं चाक काढून गाडी ब्रेक ड्रमवर टेकवली, तो कोपरा ८ मिमी खाली गेला. वाकडी झाल्याबरोबर मॉडेलमधे जीव आला, रंगाचा थेंबही न लावता. आणि ह्याचा पुढे एक परिणाम झाला जो आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता: गंजाचे ओघळ दाराच्या रेषेला समांतर काढायचे नसतात, ते जमिनीकडे जातात. गाडी तिरकी असेल तर दारावरचा ओघळ दाराच्या मानाने तिरका दिसतो. आम्ही दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि प्रत्येक ओघळ त्याच्याशी ताडून काढला.

नंतर घासकाम. दारं, बाजू, टप ओल्या पॉलिश पेपरने सपाट, सोड्याचे खडे ठेवले फक्त दाराच्या तळाशी, मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात, डिकीच्या कडेला आणि काचेच्या खाली. टपावर थोडे राहिले, ते पुढे सांगतो.

सडून पडलेली भोकं हा वेगळाच विषय. किटच्या बॉडीचं प्लास्टिक १.२ मिमी जाड, म्हणजे खऱ्या गाडीवर ३० मिमीचा पत्रा, रणगाडाच. खरा पत्रा १ मिमीच्या आसपास असतो, स्केलमधे ०.०४, तेवढं पातळ काही होत नाही, पण नजरेला पडते ती फक्त भोकाची कड, मग कड पातळ केली की काम झालं. आतून ड्रिलला गोल बर (खरवडणारं गोल टोक) लावून अगदी हळू फिरवायचं, जोरात फिरवलं की प्लास्टिक तापून चिकट होतं आणि बरला गोळा बसतो. मधेमधे बॉडी दिव्यासमोर धरायची. आधी काहीच दिसत नाही, मग मंद तपकिरी उजेड, मग नारिंगी, आणि नखाने दाबल्यावर हलायला लागलं की थांबायचं आणि बाहेरून सुईने टोचून कड तोडायची, कापायची नाही. तुटलेली कड दातेरी येते, कापलेली येते ती बिस्किटाच्या साच्यासारखी. मडगार्डमागचा तो कोपरा मित्राने केलाय आणि अख्ख्या मॉडेलमधे मला सर्वात आवडतो तो भाग तोच.

आता हेअरस्प्रे. गंजाच्या थरावर लॅकर क्लिअरचा कोट, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग हेअरस्प्रेचे दोन हात, मग ॲक्रेलिक रंग, आणि मग पाणी लावून आखूड केसांच्या ब्रशने घासायचं की पाणी खाली जाऊन हेअरस्प्रे विरघळवतं आणि वरचा रंग पोपड्यासारखा सुटतो. वाचायला सोपं आहे. बॉनेटवर पहिला प्रयत्न साफ फसला कारण मित्राने सवयीने ॲक्रेलिक लॅकर थिनरमधे पातळ केला, तो हेअरस्प्रेला भेदून खाली चिकटून बसला, कितीही घासा हलेना, मग वैतागून टूथपिकने खरवडलं तर मांजराने ओरबाडल्यासारखं झालं. परत घासून परत केलं. दुसऱ्या वेळी टामिया कंपनीचा एक्सएफवाला (मॅट) ॲक्रेलिक नुसत्या पाण्यात पातळ केला, अर्ध्या तासाने घासायला घेतला आणि मस्त सुटायला लागला. इतका मस्त की डिकीवर पाणी लावून चहा घेऊन येतो म्हणून हा गेला तो दहा मिनिटांनी आला, तोवर चांगला मोठा तुकडा सालीसारखा निसटला होता. तो तसाच ठेवला, डिकीवर काहीतरी जड पडून होतं असं म्हणून.

रंग लार्कस्पर ब्लू आणि टप इंडिया आयव्हरी, ही जोडी १९५७ ला खरंच मिळायची. टप, बॉनेट आणि डिकीच्या वरच्या बाजू जास्त सोलल्या कारण ऊन पाऊस तिथेच थेट बसतो, दारं फार कमी. डाव्या दारावर मात्र मित्राचा हात थांबेना, मी दोनदा थांब म्हटलं. आणि नंतर बघतो तर उजव्या दारावरही नकळत तसाच, त्याच उंचीवर पोपडा काढलेला, आरशात बघितल्यासारखा. हाताला सवय असते बहुतेक दोन्हीकडे सारखं करायची. शेवटी उजव्या दारावर ब्रशने निळा परत भरला.

रंग आणि गंज ह्यांच्यामधे खऱ्या गाडीत प्रायमरचा थर असतो. त्यासाठी दोन वेळा हेअरस्प्रेचे थर द्यायचे का ह्यावर बराच वेळ गेला, मी नको म्हटलं, एक थर सांभाळता येत नाही तर दोन कुठे. त्याऐवजी स्पंजच्या टोकाने काही पोपड्यांच्या कडेला राखाडी प्रायमरचा ठिपका दिला. दुरून फरक कळत नाही, जवळून कळतो.

क्रोमचं काम मी घेतलं. तपकिरी झालेले बंपर घरगुती ब्लीचमधे बुडवले, प्लेटिंग रंगासकट निघालं, मग ग्लॉस काळा आणि त्यावर क्रोम लॅकर. क्रोमचा बंपर अख्खा गंजत नाही, प्लेटिंगच्या बारीक छिद्रांतून खालचं लोखंड बाहेर येतं, म्हणून आधी ठिपके, मग ठिपक्यांचे झुबके, खालच्या कडेला जास्त. ऑइल कलरच्या बर्न्ट अंबरने (गडद तपकिरी) सुईच्या टोकाने ठिपके दिले, डोळे गेले. इथे एक सांगून ठेवतो, टेबलावर त्याने स्टीलवूल व्हिनेगरमधे घालून खरा गंज बनवायची बाटली ठेवली होती आणि शेजारीच माझं ब्लीच. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. मी आधी ती बाटली दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली, मगच झाकण उघडलं.

पंखावरचा पत्रा फॉइलने मढवला, रेघा टूथपिकने दाबून उठवल्या आणि पांढरा-राखाडी ऑइल कलर पातळ करून फिरवला. अंगावरच्या पट्टीला पण फॉइल, तिच्यावर फक्त धूळ. सगळी गाडी मेलेली आणि मधून एक चमकती रेघ, हे फोटोत इतकं खरं दिसतं की लोक पहिलं तेच विचारतात.

टायर, काचा, सीट पटकन सांगतो. टायर नुसते खालून घासले तर गाडी जमिनीत रुतल्यासारखी दिसते, बाजू फुगायला हव्यात, म्हणून गरम उलथन्यावर दाबले, खिडकी उघडी ठेवून, वास भयंकर येतो. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणून ती गळत नाही, तडे जातात आणि कडेने दुधाळ होते. तडे सुईने मागून ओढले, आणि दुधाळपणासाठी कडेला सुपरग्लूचा थेंब ठेवून डबीत झाकून ठेवलं, त्याच्या वाफेने काच धुरकटते. एरवी ह्यालाच आपण शिव्या घालतो. सीटचं फाटकं कापड म्हणजे फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू, आणि त्यातून डोकावणारी स्प्रिंग म्हणजे सुईवर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, वर गंजाचा रंग.

ऑइल आणि पिग्मेंट अगदी शेवटी. जुना गंज गडद तपकिरी, जवळजवळ काळपट, ताजा गंज नारिंगी, म्हणून नारिंगी फक्त पोपड्याच्या कडेला आणि ओघळाच्या तोंडाशी. पिग्मेंट व्हाईट स्पिरिटच्या थेंबाने बसवलं आणि ह्यावेळी वर व्हार्निश नाही. मात्र स्पिरिट पुढच्या बंपरच्या सांध्यात साचून राहिलं, दोन दिवसांनी बंपरचा एक पाय आपोआप तडकून तुटला. ताण असलेल्या उघड्या प्लास्टिकला ते खातं, हे मला माहीत होतं तरी झालं.

निकाल

गाडी झाली, साधारण दोन महिने लागले. ज्यांना मॉडेलातलं काही कळत नाही ते "ही कुठे पडलीये?" विचारतात, ज्यांना कळतं ते मडगार्डचा कोपरा बघतात. तुटलेला बंपर तसाच एका बाजूने लोंबता ठेवला.

खोट राहिली आहे. टपावर उजव्या बाजूला सोड्याचे खडे अजून दिसतात, तिरका उजेड पडला की लगेच. डावं दार जास्त सोललंय, एवढा उघडा पत्रा मधोमध का, ह्याला उत्तर नाही. आणि पिग्मेंट सील न केल्यामुळे गाडी फक्त बेसला धरून उचलावी लागते, एकदा एका पाहुण्याने टपाला धरून उचलली, त्याची बोटं उमटली होती.

परत करायचं झालं तर

पातळ करायचं काम सर्वात आधी, बॉडी मोकळी असताना. आम्ही आतून दोनदा डॅशबोर्डला बर लावला आहे. हेअरस्प्रे आधी प्लास्टिकच्या चमच्यावर, त्याच रंगाने, त्याच थिनरने, आणि किती मिनिटांनी सुटतो ते लिहून ठेवून. खडबडीतपणासाठी सोडा नाही, दाट प्रायमर जुन्या ब्रशने ठोकून, त्याचे उंचवटे बारीक येतात. बाकी क्रोमचे भाग बॉडीसोबत रंगवायचेच नाहीत, स्प्रूवरच (किटमधे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) ठेवायचे.

जळालेल्या गाडीबद्दल अजून आमचं एकमत नाही. मला वाटतं तो पर्याय घेतला असता तर काम पंधरा दिवसांत झालं असतं आणि खोटही कमी राहिली असती. तो म्हणतो मग ती निळी कुठून दिसली असती.

इंजिन त्याच्या ड्रॉवरमधे काडेपेटीत कापसावर ठेवलंय, आठही वायरींसकट, चकचकीत. परवा म्हणाला बाहेर गवतात टाकू का गाडीशेजारी, गंजवून. मी काही बोललो नाही, त्यानेच थोड्या वेळाने पेटी परत आत सरकवली.